सॉफ्टवेअर प्रोजेक्टला नाव देण्याआधी एवढं बघ
लोगो नंतर कर रे. आधी मनातलं नाव ट्रेडमार्कमध्ये शोध, आणि इतर ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रोजेक्टमध्येही. फायरफॉक्स ब्राउझरचंच घे. २००२ मध्ये तो 'फीनिक्स' होता. बायोस (कॉम्प्युटर सुरू करणारा प्रोग्राम) बनवणाऱ्या फीनिक्स टेक्नॉलॉजीज कंपनीची हरकत आली, म्हणून २००३ मध्ये 'फायरबर्ड' केलं. तर त्याच नावाचा डेटाबेस प्रोजेक्ट आधीपासून होता! ती मंडळी भडकली. शेवटी फेब्रुवारी २००४ मध्ये 'फायरफॉक्स'. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

आणि नाव कोणाच्या मालकीचं, हे आत्ताच ठरव. २०१० मध्ये ओपनऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमधून फुटलेल्यांना कोड नेता आला, नाव ओरॅकल कंपनीकडेच राहिलं, म्हणून त्यांनी नवं नाव घेतलं, लिब्रेऑफिस.

नाव बदलायची वेळ आलीच, तर सेटिंग्जचा जुना फोल्डर नव्या नावाच्या अ‍ॅपने आपोआप उचलायला हवा. नाहीतर लोक शिव्या घालतात.