समावेशातला ‘वेश’ कपड्यांचा नाही हो!

प्रश्न आलाय अमेरिकेत शिकणाऱ्या एका मुलीचा. तिच्या युनिव्हर्सिटीत डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लुजनचा आठवडा आहे, बऱ्याच भाषांतला एक फलक लावणार आहेत आणि मराठी ओळ हिच्या वाट्याला आलीय. ‘विविधता, समता, समावेशन’ चालेल का, आणि समावेशी म्हणायचं की समावेशक, एवढंच विचारलंय बिचारीने.

विविधता चालेल. वैविध्य जास्त मराठी वाटतं मला, पण त्यावर भांडणार नाही. या शब्दाची मजा भाषेत कमी आणि कोर्टात जास्त आहे. १९७८ साली बाकी नावाच्या विद्यार्थ्याचा खटला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला, डेव्हिसच्या मेडिकल कॉलेजात १०० पैकी १६ जागा अल्पसंख्याकांसाठी राखीव होत्या त्यावरून. तेव्हा न्यायमूर्ती पॉवेल यांनी जागा राखून ठेवणं बाद केलं, पण विद्यार्थ्यांत डायव्हर्सिटी असावी म्हणून वंश हा एक मुद्दा धरायला हरकत नाही असं लिहिलं, आणि तिथून हा शब्द तिकडच्या कॅम्पसवर जो बसला तो बसलाच. २०२३ मध्ये त्याच कोर्टाने प्रवेशातून वंशाचा विचार काढला, १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत डीईआयची (म्हणजे याच तीन शब्दांची आद्याक्षरं) ऑफिसं ठेवायला कायद्यानेच बंदी आली. तेव्हा बाई, तुझा फलक लागतोय तोवर लावून घे.

आता मुद्द्यावर येते. समावेश.

मध्ये इकडच्याच एका कॉलेजात असाच कार्यक्रम होता, मला श्रोत्यांत बसवलं होतं. पाहुणे उभे राहिले आणि म्हणाले, “समावेश म्हणजे काय? सम अधिक वेश! सगळ्यांचा वेश सारखा, म्हणून तर आपण शाळेत गणवेश घालतो.” टाळ्या! मी कपाळाला हात लावला. बरं हे पहिल्यांदा ऐकत होते असंही नाही, दरवर्षी कुणीतरी हे सापडल्यासारखं सांगतंच. अहो, सम अधिक वेश केला तर समवेश होईल, तो ‘मा’ काय आभाळातून पडला? सम्, आ आणि वेश असे तीन तुकडे आहेत, आणि यातला वेश म्हणजे कपडे नव्हेत, तो विश् धातूपासून आलाय, विश् म्हणजे आत शिरणं. प्रवेश, आवेश, अभिनिवेश सगळी एकाच घरची पोरं. काश्मिरी शैव पंडित तर समावेश शब्द शिवात पुरतं शिरून जाण्यासाठी वापरतात, म्हणजे अंगात येण्याच्या जवळचंच काहीतरी. आणि अर्थाची तर कमाल आहे, वेगवेगळ्या माणसांना आत घ्या असं सांगणारा शब्द, आणि त्याचा अर्थ लावला काय तर सगळे एकसारखे दिसा!

तर विश्. मला या धातूचं वेड आहे हे आधीच कबूल करते. आपण रोज बसतो तो ‘बसणे’ याच विश् चा. उपविश्, म्हणजे जवळ येऊन टेकणं, त्याचं प्राकृतात घासून घासून बइस झालं, जुन्या मराठीत बैसणे, आता बसणे. हिंदीवाल्यांचा बैठना पण तोच, फक्त तो उपविष्ट या रूपावरून आला. म्हणजे दारात माणूस आला की आपण “या, बसा” म्हणतो ना, त्यातल्या ‘बसा’त समावेश शब्दाचं सख्खं भावंड वापरत असतो.

आणि गावाची वेस! ती पण इथलीच, वेश म्हणजे शिरायची जागा. एका निवृत्त प्राध्यापकांशी माझा यावरून वाद झालाय. त्यांचं म्हणणं वेस ही वेष्ट् म्हणजे वेढणे यावरून आली, कारण वेस तटाला असते आणि तट गावाला वेढतो. ऐकायला गोड आहे, पण सर, वेष्ट् चं मराठीत काय होतं ते समोरच आहे की, वेढणे, वेढा! ष्ट चा ढ झाला एकदा, आता त्यातून परत स कुठून काढणार? उलट माझ्या बाजूचे लोकही एक चुकीचा पुरावा देतात, वेशीवर, वेशीपाशी यात मूळचा श टिकून राहिलाय म्हणे. तसं नाही. म्हैस, म्हशीला यातही श येतोच आणि तिथे मुळात महिषी आहे, म्हणजे ष. ई पुढे आली की आपण स चा श करतोच, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

पण वेस आली की पुढचं बोलावंच लागतं. महारवाडा, मांगवाडा कुठे असायचा? वेशीबाहेर. म्हणजे समावेश आणि वेशीबाहेर हे दोन्ही आपण एकाच धातूतून घडवले आणि शतकानुशतकं त्यातला दुसराच वापरला. हे तिकडच्या कॅम्पसलाही लांबचं नाही. ब्रँडाइस युनिव्हर्सिटीने २०१९ मध्ये भेदभाव-बंदीच्या नियमांत जात आणली, कॅलिफोर्निया स्टेटच्या २३ कॅम्पसवर २०२२ मध्ये आली. त्या नियमांत लिहिलेला कास्ट शब्द पोर्तुगीजांचा कास्टा, आपल्याच किनाऱ्यावर हिंडून मोठा झालेला.

इंग्रजी इन्क्लुजन बघा आता, म्हणजे आपल्या शब्दाची किंमत कळेल. लॅटिनमध्ये क्लाउडेरे म्हणजे बंद करणं, इन्क्लुडेरे म्हणजे आत घालून दार लावणं! क्लोज त्यातलाच, आणि क्लॉजेटसुद्धा. समलिंगी वगैरे लोकांच्या प्राइडच्या कार्यक्रमात मुलांना क्लॉजेटमधून (कपाटातून, म्हणजे लपून राहण्यातून) बाहेर या म्हणायचं आणि लगेच इन्क्लूड करायचं, म्हणजे एका कोंडवाड्यातून काढून दुसऱ्यात, असं आपलं व्युत्पत्ती म्हणते, मी नाही. हल्ली इन्क्लुजन कॉन्क्लेव्ह भरवायची टूम आहे, तर कॉन्क्लेव्ह म्हणजे मुळात किल्लीने बंद होणारी खोली, पोप निवडताना कार्डिनल लोकांना कोंडतात ती. सर्वांना मुक्तद्वार म्हणून कुलूपबंद सभा! आपल्याकडे मात्र शिरणारा स्वतःच्या पायांनी शिरतो, दार लावणारा शब्दात कुठेच नाही.

शेवटचं एक, हे माझं खास आवडतं. पैस. पैस म्हणजे ऐसपैस मोकळी जागा. प्राकृतात पइसइ म्हणजे प्रवेश करतो, प्र आणि विश्. माझा तर्क असा की पैस म्हणजे आधी शिरायला वाव, मग त्यावरून मोकळेपणा, विस्तार. अर्थाची ही वाट मला अगदी सरळ दिसते. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली म्हणतात तो पैस खांब, आणि टेकून बसायचं तर तिथेही बैसणे आहेच, आहे की नाही गंमत! त्याच प्राध्यापकांनी यावर मला “सगळ्याच वाटा विश् ला जातात का हो तुमच्या?” असं विचारलं. प्रसर वरून पैस काढणाऱ्या माणसाने हे विचारावं! प्रसर चा पसर होतो, पसरतो, पसारा होतो, त्यात ऐ कुठून घुसवणार ते आधी सांगा म्हटलं, अजून सांगितलेलं नाही.

हां, फलक राहिला. समावेशी लिहू नकोस, ते हिंदीतून जसंच्या तसं उचललेलं आहे. जे आत घेतं ते समावेशक, जो आत आला तो समाविष्ट, आणि नुसतं नाम हवंय तर सरळ समावेश. समावेशन म्हटलं की मला वित्तीय समावेशन आणि कर्मचाऱ्यांचे समावेशन यांचे सरकारी कागद दिसतात. इक्विटीला समता नको, कारण समता आपल्याकडे इक्वॅलिटीसाठी कधीच देऊन टाकलीय, स्वातंत्र्य, समता, बंधुता यातली, बाबासाहेबांनी १९२८ मध्ये पाक्षिक काढलं त्याचं नावच समता होतं. कायद्याच्या मराठीतला समन्याय आहे, पण फलकावर कोण वाचणार, ‘न्याय्य वाटा’ लिही, त्यातला जोडाक्षराचा य खाऊ देऊ नकोस. आणि छापायच्या आधी प्रूफ स्वतः बघ, त्या कॉलेजच्या बॅनरवर वीवीधता होती, दोन्ही दीर्घ.