सारखे दिसणारे इंग्रजी शब्द गट करून पाठ केले तर लक्षात राहतात का?

राहतात, पण सगळेच गट नाही. परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशाच्या जीआरई परीक्षेसाठी सारख्या दिसणाऱ्या शब्दांची यादी पाठ करताय आणि दोन दिवसांत सगळं एकमेकांत मिसळतंय, असं तुम्ही लिहिलंय. मी याच परीक्षांचं इंग्रजी शिकवतो आणि जवळपास प्रत्येक बॅचमध्ये हा घोळ बघतो. अशा याद्यांत दोन वेगळ्या जातींचे शब्द शेजारी बसवलेले असतात.

पहिली जात सख्ख्या भावंडांची. शाळेत उपसर्ग शिकताना आहार, विहार, प्रहार, संहार एका दमात म्हटलेले आठवत असतील. धातू एकच, ‘हृ’. उपसर्ग बदलला की जेवणाचं थेट मारणं होतं! लॅटिनमधून इंग्रजीत आलेले शब्द असेच वागतात. ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणं. त्यातून प्रिस्क्राइब, सबस्क्राइब, इन्स्क्राइब आणि प्रोस्क्राइब आले. प्रोस्क्राइब म्हणजे बंदी घालणं. लिहिण्याचा आणि बंदीचा काय संबंध? इ.स.पू. 82 मध्ये सुल्ला या सेनापतीने रोममध्ये आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या भर चौकात लावल्या. यादीत नाव आलं की त्या माणसाला कोणीही मारावं, त्याची मालमत्ता जप्त. आजही यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातलेल्या संघटनांची यादीच असते आणि इंग्रजी पेपर त्यांना ‘प्रोस्क्राइब्ड’ म्हणतात. एवढं कळल्यावर डॉक्टरांच्या प्रिस्क्राइबशी त्याची गल्लत होणं अवघड. ‘लोक्वी’, म्हणजे बोलणं, या धातूचंही कुटुंब मोठं आहे: एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्विअल, सोलिलोक्वी. असे गट बिनधास्त एकत्र करा.

दुसरी जात नुसत्या तोंडवळ्याची. व्हीनल म्हणजे पैशाला विकला जाणारा, लाचखाऊ. व्हीनिअल म्हणजे माफ करण्याजोगं. मुळं वेगळी: एक विक्रीचं, दुसरं क्षमेचं. अशी जोडी पहिल्याच दिवशी एकत्र घेतली की दोन्ही अर्थ डोक्यात येतात, पण कुठला कोणाचा ते सांगता येत नाही. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन हेही दिसायला किंवा अर्थाने जवळचे नवे शब्द एकदम शिकू नयेत असंच सांगतात. एक शब्द पक्का होऊ द्या, दुसरा दोन आठवड्यांनी घ्या. इन्जीनियस (कल्पक) आणि इन्जेन्युअस (भाबडा) यांचं मूळ खोलवर एकच असलं, तरी त्यांनाही असंच वेगळं ठेवा.

आणखी एक. पुस्तकाच्या समासात उच्चार देवनागरीत लिहायची आपल्याकडे सवय आहे, ती ‘डिस्क्रीट’पाशी फसते. दोन शब्द, उच्चार एकच. स्पेलिंगच बघावं लागतं: दोन ‘ई’ चिकटलेले असतील (discreet) तर अर्थ जपून बोलणारा, मध्ये ‘टी’ उभा राहून त्यांना वेगळं करत असेल (discrete) तर अर्थही सुटंसुटं.

मुळावरून अंदाज बांधतानाही जरा सांभाळून. नॉइसमचा आवाजाशी काही संबंध नाही, तो घाणेरड्या वासासाठी वापरतात. एनर्व्हेट ऐकून उत्साह वाटतो, अर्थ मात्र गळाठून टाकणं.

ऑगस्ट 2011 पासून जीआरईतून विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न गेले. आता शब्द वाक्यातच विचारतात. त्यामुळे कार्डावर एकटा शब्द आणि त्याचा मराठी अर्थ लिहू नका, सोबत येणारा शब्दही लिहा: ‘व्हीनल ऑफिशियल’, ‘व्हीनिअल सिन’. आणि ही दोन कार्डं वेगवेगळ्या गठ्ठ्यांत ठेवा.