गाजर गवत काढा म्हणतात, फवारू नका म्हणतात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक शेतकरी विचारतात: पडीक तुकड्यातलं गाजर गवत काढा, असं कृषी खात्याने सांगितलं म्हणून ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं. वारं फिरलं आणि शेजाऱ्याचं भात पिवळं पडलं. आता ओढ्यालगत तणनाशकाला बंदी घालणारा ठराव दाखवून ग्रामपंचायतीने कन्नडमध्ये नोटीस धाडली आहे. काय करू?

आधी नोटिशीची मुदत बघा आणि त्याच्या आत लेखी उत्तर द्या. मराठीत देता येतं, घटनेचं कलम 350 आहे. तरी सोबत कन्नड भाषांतर जोडा. तत्त्वाचं भांडण वेगळं, पीडीओच्या (पंचायत विकास अधिकाऱ्याच्या) टेबलावरची फाईल वेगळी. खोटं काही लिहू नका, पण न विचारलेलंही लिहू नका.

तणनाशकं 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. कलम 27 प्रमाणे विक्री-वापर थांबवू शकतं ते केंद्र किंवा राज्य सरकार, तेही आधी 60 दिवस आणि चौकशी लांबली तर आणखी 30. पंचायतीला हा अधिकार नाही. मात्र पिण्याचं पाणी राखणं हे तिचं कामच आहे, म्हणून ‘ठरावच बेकायदा’ एवढ्यावर अडून बसू नका.

तुमची दुखरी बाजू दुसरीच आहे. ऑक्टोबर 2022 च्या केंद्राच्या आदेशाने ग्लायफोसेटचा वापर परवानाधारक कीड नियंत्रण व्यावसायिकांपुरताच ठेवला. कीटकनाशक कायद्याच्याच कलम 38 मध्ये स्वतःच्या लागवडीखालच्या जमिनीला सूट आहे, तो मुद्दा मी मांडेनही. पण तुकडा पडीक आहे, हे तुम्हीच लिहिलंय. उताऱ्यावर पीक लागलेलं नसेल तर हा मुद्दा लंगडा पडतो.

राहिला खात्याचा आदेश. कर्नाटकाच्या 1968 च्या शेती कीड व रोग कायद्याखाली 1975 मध्ये गाजर गवत उपद्रवी तण जाहीर झालं. तुमचं गाव त्या क्षेत्रात येतं का, हे अधिसूचनेची प्रत मागून बघा. येत असलं तरी गवत काढायची जबाबदारी म्हणजे हवं ते औषध मारायची मुभा नव्हे. खात्याने फवारायला सांगितलं असेल, तर तसं लेखी आहे का?

शेजाऱ्याशी मात्र कोर्टाबाहेरच मिटवा. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्राकडून पिकाची पाहणी करून घ्या, भरपाईचा आकडा ठरवा आणि दोघांच्या सह्यांचा कागद करा. उरलेलं गवत फुलोऱ्याआधी हातमोजे घालून उपटा. पावसाळ्यात ते खाणारा मेक्सिकन भुंगा सोडता येतो, त्याला कुणाचाच ठराव आड येत नाही.