बुटांचा वास आणि दोन केट्या

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. चार पानांच्या मेलला मी पत्रच म्हणते, म्हणून उत्तरही तसंच देते आहे. ‘मॅडम, मला सिरियस व्हायचंय, कसं होऊ?’ हे तू अगदी शेवटी विचारलंयस. त्याआधीची साडेतीन पानं कुठे काय विचित्र घडलं याच्या बातम्यांनी भरली आहेत. रूममेट म्हणते, नुसता टाइमपास चाललाय. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरची मुलगी, डोक्यावर दोन केट्या, म्हणजे सोडवायचे राहिलेले दोन विषय, आणि हिला उठाठेव कसली, तर बुटांच्या वासावर कोणी संशोधन केलं याची! रूममेटचं काही चुकलं नाही. माझी तक्रार मात्र वेगळी आहे. तू बातमी वाचतेस, खो खो हसतेस, ग्रुपवर टाकतेस आणि पुढे जातेस. नेमकी गंमत सुरू होते तिथेच तू उठून जातेस.

बुटांचंच घे. 2025 चं इग्नोबेल पारितोषिक मिळालेले विकाश कुमार आणि सार्थक मित्तल हे दिल्लीजवळच्या शिव नादर विद्यापीठातले. एक प्राध्यापक, दुसरा त्यांचा माजी विद्यार्थी. हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये दाराबाहेर बूट काढून ठेवलेले त्यांना दिसले. तुलाही रोज दिसतात, मलाही रेक्टर असताना दिसायचे, आणि मी फक्त ‘उचला ते!’ म्हणून ओरडायचे. या दोघांनी विचारलं, बाहेर का? खोलीत जागा नाही म्हणून, की वास येतो म्हणून? 149 विद्यार्थ्यांना विचारून घेतलं. वास, अर्थातच. मग वास कशाचा? घामावर पोसणाऱ्या एका जिवाणूचा. तो कशाने मरेल? अतिनील किरणांनी. मग आत दिवा असलेला बूट ठेवायचा रॅक करून पाहिला. दोनतीन मिनिटं दिवा लावला की काम होतं. जास्त वेळ ठेवला तर बूट तापून जळक्या रबराचा वास सुटतो. हे शेवटचं मला सगळ्यांत आवडलं. एक वास घालवायला गेले आणि दुसरा आला, आणि तेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलं. तुमच्या जर्नलमध्ये ‘एरर’च्या रकान्यात सगळ्या वर्गाचं एकच वाक्य असतं, ते आठव.

हे इग्नोबेल 1991 पासून दिलं जातं. आधी हसू यावं आणि मग विचार करावासा वाटावा, अशा कामांना. तू पहिला हप्ता घेतेस आणि दुसरा बुडवतेस.

तुझा जन्मही नव्हता तेव्हाची गोष्ट सांगते. 21 सप्टेंबर 1995, गुरुवार. सकाळपासून गणपती दूध पितोय म्हणून देशभर देवळांपुढे रांगा. आमच्या सांगलीत तर गणपती म्हणजे घरचाच माणूस, त्यामुळे विचारूच नकोस. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणे चमत्कार, दुसरा म्हणे मूर्खपणा, आणि दोघांपैकी कोणालाही जाऊन बघायची गरज वाटत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये संगमरवरी पेपरवेट ओलं करून ठेवलं आणि पोरांना चमच्याने दूध पाजायला सांगितलं. चमचा काठोकाठ भरलेला, काठ दगडाला टेकवायचा, किंचित कलता. दूध सर्रकन ओढलं गेलं. पोरं ओरडली, ‘मॅडम, पेपरवेट प्यायलं!’ मग दुधात चिमूटभर हळद घातली. आता पांढऱ्या दगडावरून खाली उतरणारा पिवळा पातळ ओघळ सगळ्यांना दिसला. पृष्ठताण मी त्याआधी कितीतरी वेळा फळ्यावर शिकवला होता. पण त्या वर्षीच्या मुलांच्या तो जसा लक्षात राहिला तसा नंतर कुणाच्याच राहिला नाही. आणि हो, श्रद्धेची टिंगल त्यात कुणी केली नाही. एका मुलाची आई आदल्या दिवशी दोन तास रांगेत उभी होती. त्याने घरी जाऊन तिलाच हळदीचं दूध करून दाखवलं, आणि तिने ते नंतर त्यालाच प्यायला लावलं.

सगळ्याच विचित्र बातम्या अशा गोड नसतात, बरं का. उत्तर प्रदेशातल्या आझमगढचे लाल बिहारी कर्ज काढायला गेले, तेव्हा त्यांना कळलं की सरकारदरबारी आपण मेलेलो आहोत. जमिनीसाठी नातेवाइकांनीच कागदावर मारलं होतं. गड्याने काय केलं? नावापुढे ‘मृतक’ लावलं, आपल्यासारख्यांचा मृतक संघ काढला, आणि 1989 मध्ये अमेठीत राजीव गांधींविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला. मेलेल्या माणसाला उमेदवारी अर्ज भरता येत नाही ना! 1994 मध्ये कागदावर पुन्हा जिवंत झाला, 2003 मध्ये इग्नोबेल मिळालं. ‘मेलेला माणूस निवडणुकीला’ एवढा मथळा वाचून तू हसली असतीस. खाली सातबाऱ्यासारख्या एका कागदावर माणसाचं अख्खं तारुण्य खर्ची पडलेलं आहे. म्हणून म्हणते, मथळ्यावर थांबू नकोस. (आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरच्या बातम्यांना तर मथळ्याखाली काही नसतंच. आपलं राष्ट्रगीत युनेस्कोने जगात सर्वोत्तम ठरवलं, हे मला अजून दर ऑगस्टमध्ये येतं. युनेस्कोने असलं काही कधी ठरवलेलं नाही.)

आता तुझ्या केट्यांकडे येते. तू लिहितेस, पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की खोली आवरावीशी वाटते, कपाटातले कपडे रंगांप्रमाणे लावावेसे वाटतात, आणि आईला तर इतके फोन होतात की तीच विचारते, ‘अगं, अभ्यास नाही का?’ यात तू एकटी नाहीस. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन पेरी यांनी याच सवयीवर निबंध लिहिला आणि 2011 मध्ये साहित्याचं इग्नोबेल मिळवलं. त्यांचं म्हणणं असं की टाळाटाळ करणारा माणूस रिकामा बसत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं काम टाळण्यासाठी तो दुसरी बरीच कामं करून टाकतो. तेव्हा यादीत सगळ्यांत वर असं काहीतरी ठेवावं जे भारी वाटेल पण आज झालं नाही तरी आभाळ कोसळणार नाही. तू वर ‘गेट या पदवीनंतरच्या प्रवेशपरीक्षेची तयारी’ असं लिही. ती टाळायला एम-थ्रीचा, म्हणजे केटी लागलेल्या गणिताचा, अभ्यास आपोआप होईल. हा उपाय सोज्ज्वळ नाही, पण ‘पहाटे चारला उठ’पेक्षा बरा. पहाटे चारला उठून डुलक्या काढणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

दुसरी केटी ड्रॉइंगची, आणि तिचं कारण मला न सांगताही माहीत आहे. जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली टेबललॅम्प, वर सीनियरची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि पहाटेपर्यंत गिरवत बसायचं. राउंडला जायचे तेव्हा दाराखालून तो पिवळा उजेड दिसायचा. आमच्या हॉस्टेलमधल्या एका हुशार मुलीने शेवटच्या कोपऱ्यातलं सीनियरचं नाव आणि रोल नंबरसुद्धा सुबक अक्षरात उतरवून काढला होता. अक्षर इतकं छान की सरांनी आधी कौतुक केलं.

जीटी मारू नकोस असं सांगितलं तरी तू मारणारच. एक कर. काचेवर शीट लावण्याआधी तिच्यातली प्रत्येक तुटक रेघ शोध आणि ती तुटक का, हे स्वतःला विचार. वस्तूचा कोणता काठ मागे दडलाय? ओरलला परीक्षक नेमकं त्याच रेघेवर बोट ठेवून ‘हे काय?’ विचारतात. शंकू कापला की लंबगोल का येतो हे डोळ्यांपुढे येत नसेल तर मेसमधलं गाजर तिरकं काप. मेसचं गाजर खाण्यापेक्षा कापायलाच बरं असतं, असं तूच लिहिलंयस.

बोटं मोडायच्या सवयीबद्दलही विचारलंयस. आई म्हणते संधिवात होईल. डोनाल्ड उंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांच्या आईनेही तेच सांगितलं होतं. त्यांनी पन्नास वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजवा तुलनेला ठेवला, आणि 1998 मध्ये कळवलं की संधिवात कुठल्याच हाताला नाही. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेव. पण आईशी वाद न घालता पन्नास वर्षं उजवा हात आवरून धरला, याला मी सिरियस म्हणते.

या आठवड्यातली एकच बातमी निवड, आणि तिच्यातलं काहीतरी तुझ्या हॉस्टेलमध्ये मोजता येतं का बघ. मोजलंस की आकडे मला पाठव, स्मायली नकोत. बुटांचंच घेणार असशील तर मात्र आधी रेक्टरबाईंना सांगून ठेव. रात्री अकरा वाजता दुसरीच्या दारातला बूट नाकाशी धरून उभ्या असलेल्या मुलीची बाजू घेणं फार अवघड जातं.

तुझ्या मॅडम