बदल शोधायचा तर आधी ‘बदल नसलेला’ काळ ओळखा: चेंजपॉइंटमधल्या संशोधनाविषयी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांख्यिकीत एम.एस्सी. झालं आहे, चेंजपॉइंट डिटेक्शनमध्ये (आकड्यांच्या मालिकेचं वागणं कधी बदललं ते शोधण्याच्या शाखेत) पीएच.डी. करायची आहे, सिद्धांताकडे वळावं की उपयोजनाकडे, आधी काय शिकावं आणि या विषयातला माणूस दिवसभर नेमकं करतो काय?

शेवटच्या भागापासून सुरू करतो. बाहेरून वाटतं की हे लोक बदल शोधत बसतात. प्रत्यक्षात वेळेचा मोठा वाटा बदल व्हायच्या आधीचा काळ समजून घेण्यात जातो. तो काळ चुकीचा मांडला की पुढची सगळी प्रमेयं कागदावर बरोबर आणि कामाच्या जागी निरुपयोगी ठरतात. सिद्धांत की उपयोजन या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे, पण आधी आकडे बघू.

विषयाचा गाभा एका देवाणघेवाणीत आहे: खोटे इशारे किती सोसायचे आणि खरा बदल कळायला किती उशीर चालवून घ्यायचा. शूहार्टने १९२४ मध्ये बेल या अमेरिकी टेलिफोन कंपनीत नियंत्रण आलेख (उत्पादनावर नजर ठेवायचा आलेख) मांडला, तेव्हा प्रत्येक निरीक्षण सुटं तपासलं जायचं: सरासरीपासून ३ प्रमाण विचलनांपलीकडे (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या नेहमीच्या विखुरण्याचं माप) गेलं की इशारा. निरीक्षणं नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या वितरणाची) आणि स्वतंत्र असतील तर यात सरासरी ३७० निरीक्षणांमागे एक खोटा इशारा येतो. पण सरासरी एका प्रमाण विचलनाने सरकली, तर हे कळायला सरासरी ४४ निरीक्षणं लागतात. पेजने १९५४ मध्ये मांडलेला क्युसम (साठत जाणारी बेरीज) इथे कामाला येतो. प्रत्येक निरीक्षणातून सरासरी वजा करा, प्रमाण विचलनाने भागा, त्यातून ‘के’ ही सूट वजा करा आणि मागच्या बेरजेत मिळवा. बेरीज उणे झाली तर शून्य धरा. बेरीज ‘एच’ या उंबरठ्यापलीकडे गेली की इशारा. खालच्या दिशेसाठी अशीच दुसरी बेरीज. के ०.५ आणि एच ५ धरला तर दोन्ही बाजू मिळून खोट्या इशाऱ्यांमधलं सरासरी अंतर सुमारे ४६५ निरीक्षणं, आणि एका प्रमाण विचलनाचा बदल साधारण १० निरीक्षणांत कळतो.

हाताने करून बघा. प्रमाणित निरीक्षणं ०.३, १.४, ०.२, १.९, १.१, ०.८, २.२, १.३ अशी आली. वरची बेरीज होते ०, ०.९, ०.६, २.०, २.६, २.९, ४.६, ५.४. आठव्या निरीक्षणाला इशारा. यातलं एकही निरीक्षण ३ च्या जवळपास नाही, म्हणजे शूहार्टचा आलेख गप्पच राहिला असता. शिवाय बेरीज शेवटची शून्यावर होती ती पहिल्या निरीक्षणाला, म्हणून बदल दुसऱ्या निरीक्षणापासून सुरू झाला असा अंदाजही सोबत मिळतो.

आता उंबरठा कसा ठरवायचा. बहुतेक नवे विद्यार्थी ‘एच ५’ हे सुभाषितासारखं पाठ करतात. त्याऐवजी डेटा ज्यांचा आहे त्यांना विचारायचं: महिन्याला किती खोटे इशारे चालतील? समजा दर ५ मिनिटांनी एक निरीक्षण येतं. ४६५ निरीक्षणं म्हणजे जेमतेम ३९ तास. दर दीड दिवसाला उगाच घंटा वाजली तर आठवड्याभरात लोक ती बंद करून ठेवतील. महिन्याला एकच चालेल असं उत्तर आलं तर ८,६४० निरीक्षणांचं अंतर हवं आणि एच साधारण ७.९ लागतो. याची किंमत किती? एका प्रमाण विचलनाच्या बदलाचा विलंब १० वरून १६ वर जातो, एवढीच. के ०.५ असताना एच एकाने वाढवला की खोट्या इशाऱ्यांमधलं अंतर सुमारे २.७ पट होतं आणि विलंब फक्त २ निरीक्षणांनी वाढतो. अंतर घातांकी वाढतं, विलंब सरळ रेषेत. हे नातं अंगवळणी पडलं की अर्धा विषय कळला. सेन्सर १,००० असतील तर मात्र हिशोब पुन्हा करावा लागतो: प्रत्येकाचं अंतर ४६५ असेल तर दर निरीक्षणाच्या वेळी दोनेक खोटे इशारे कुठून ना कुठून येणारच.

हे आकडे झटपट काढायला सांख्यिकीतज्ञ सीगमंड यांचं सूत्र पाठच करून ठेवा. डेल्टा म्हणजे खऱ्या बदलातून के वजा करून उरलेला भाग (बदल नसताना तो उणे के), आणि बी म्हणजे एच अधिक १.१६६. दोनदा डेल्टा गुणिले बी याला ‘क्ष’ म्हणा. ई (२.७१८ ही संख्या) चा उणे क्ष घात, अधिक क्ष, वजा १. आलेल्या संख्येला डेल्टाच्या वर्गाच्या दुपटीने भागा. एका बाजूचं सरासरी अंतर मिळतं. दोन्ही बाजूंसाठी व्यस्तांची बेरीज करून पुन्हा उलटवायची.

आता मूळ दुखण्याकडे. वरचे सगळे आकडे बदलाआधीची सरासरी आणि प्रमाण विचलन अचूक माहीत आहेत असं धरून आहेत. प्रत्यक्षात ती जुन्या निरीक्षणांवरून काढावी लागतात. प्रमाण विचलन १० टक्क्यांनी कमी धरलं गेलं तर ४६५ चं अंतर १९५ च्या आसपास येतं. फक्त २५ निरीक्षणांवरून सरासरी काढली तर तिच्यात ०.२ प्रमाण विचलनाची चूक अगदी सहज असते, आणि तेवढ्यानेही अंतर १९० च्या घरात जातं. १०० निरीक्षणं घेतली तर नेहमीची चूक ०.१, अंतर ३५० च्या आसपास. म्हणून ‘पहिले ३० आकडे प्रशिक्षणाला घेतले’ असं कुणी लिहिलं की जाणकार परीक्षक तिथेच पेन्सिल थांबवतो.

याहून मोठा खड्डा स्वसहसंबंधाचा, म्हणजे मालिकेतल्या निरीक्षणांचा आधीच्या निरीक्षणांशी असलेल्या संबंधाचा. तापमान, वीजमागणी, नेटवर्कवरची वाहतूक, कशातही लागोपाठची निरीक्षणं स्वतंत्र नसतात. साध्या पहिल्या क्रमाच्या स्वप्रतिगामी मालिकेत (जिथे प्रत्येक निरीक्षण लगेच आधीच्यावर अवलंबून असतं) सहसंबंध ०.५ असेल तर बेरजेचं दीर्घकालीन प्रसरण (प्रसरण म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग) स्वतंत्र निरीक्षणांच्या तिप्पट असतं. ४६५ च्या भरवशावर लावलेला क्युसम मग शंभराच्या आतच खोटी घंटा वाजवू लागतो. त्यावर पाठ्यपुस्तकी उपाय म्हणजे मॉडेल बसवून अवशेषांवर (निरीक्षण वजा मॉडेलचा अंदाज, या फरकांवर) क्युसम लावणे. तो बरोबर आहे, पण फुकट नाही. सरासरी कायमची सरकली तरी पहिला अवशेष सोडून पुढच्या अवशेषांत त्या सरकण्याचा अर्धाच भाग दिसतो. मूळ मालिकेतला एका प्रमाण विचलनाचा बदल अवशेषांच्या मापात ०.५८ चाच उरतो. के मात्र ०.५ च ठेवला तर विलंब १० वरून २५ ते २८ वर जातो. के हा जो बदल पकडायचा आहे त्याच्या निम्मा असावा, म्हणजे इथे ०.२९, आणि मग एच नव्याने काढायचा. ही दुसरी पायरी फार जण विसरतात.

पूर्ण मालिका हातात असताना मागे वळून बदलबिंदू शोधायचे, ही दुसरी शाखा. तिथेही हेच दुखणं वेगळ्या वेशात येतं. २०१२ मध्ये किलिक, फर्नहेड आणि एक्ली यांची पेल्ट पद्धत आली आणि अनेक बदलबिंदू अचूक शोधणं लाखांतल्या आकड्यांवरही परवडू लागलं. पण पेल्टला प्रत्येक बदलबिंदूमागे दंड (आणखी एक बदलबिंदू मानण्याची किंमत) सांगावा लागतो, आणि तो आकड्यांच्या प्रसरणाच्या पटीत असतो. प्रसरण काढायची लोकप्रिय युक्ती म्हणजे लागोपाठच्या निरीक्षणांतला फरक घेणे, म्हणजे मधल्या उड्या आड येत नाहीत. सहसंबंध ०.५ असेल तर ही युक्ती प्रसरण निम्मं दाखवते आणि खरी गरज असते तिप्पट. दंड सहा पटींनी कमी पडतो आणि सपाट मालिकेतही डझनभर बदलबिंदू उगवतात. आउटपुट दिसायला मात्र फार देखणं असतं.

मागे वळून बघताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: मालिका कितीही लांब असली तरी बदल नेमका कुठे झाला यातली अनिश्चितता एका मर्यादेखाली उतरत नाही. ती उडीच्या उंचीवर आणि गोंगाटावर अवलंबून असते. नाईल नदीच्या अस्वानजवळच्या १८७१ ते १९७० च्या वार्षिक प्रवाहात बदल १८९८ च्या सुमारास येतो, सरासरी साधारण १,०९८ वरून ८५० वर (एकक १० कोटी घनमीटर). उडी जवळपास दोन प्रमाण विचलनांची आहे, म्हणून साल इतकं नीट सापडतं. तिथलं जुनं धरण १८९८ ते १९०२ मध्ये बांधलं गेलं. बदल धरणामुळे की नदीच्या वरच्या अंगाला पाऊस कमी झाल्यामुळे, याचा निवाडा कोणतंही चेंजपॉइंट सॉफ्टवेअर देत नाही.

इथे पुण्याच्या माणसांना एक सोय आहे. भारतीय हवामानशास्त्र विभागाचं राष्ट्रीय डेटा केंद्र पुण्यात आहे आणि आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) पाषाणला. हवामान मालिकांचं समांगीकरण (मोजण्यातल्या बदलांमुळे आलेल्या उड्या शोधून काढून टाकणं) हे चेंजपॉइंटचं सगळ्यात चांगलं शिक्षण आहे, कारण बदलाची कारणं कागदावर सापडू शकतात: केंद्र हललं, तापमापक बदलला, निरीक्षणाची वेळ बदलली, आजूबाजूला इमारती उठल्या. एकट्या केंद्राची मालिका कधीच तपासू नका. शेजारच्या केंद्रांच्या सरासरीतून फरक काढा, म्हणजे एल निनोचं वर्ष किंवा एकूण तापमानवाढ दोन्हीकडे सारखी असल्याने वजा होते आणि स्थानिक उडी उरते. त्या फरकाच्या मालिकेवर अलेक्झांडरसनची १९८६ ची एसएनएचटी चाचणी लावतात. मालिका प्रमाणित करायची. मग प्रत्येक संभाव्य वर्षासाठी आधीच्या भागाच्या सरासरीचा वर्ग गुणिले त्या भागाची लांबी, अधिक नंतरच्या भागाचं तेच. यातली सगळ्यात मोठी किंमत घ्यायची. १०० वर्षांच्या मालिकेत ती ९.१५ च्या वर गेली तर ५ टक्के पातळीवर बदल मानतात. अडचण कुठे येते? एक, मालिकेच्या दोन्ही टोकांना ही चाचणी उगाच संवेदनशील होते, त्यामुळे पहिल्या-शेवटच्या चार-पाच वर्षांतला बदलबिंदू केंद्राच्या नोंदींशी ताडल्याशिवाय मानू नये. दोन, शेजारची केंद्रंही त्याच वर्षी त्याच कारणाने बदलली असतील (एका खात्याने सगळीकडे एकदमच उपकरणं बदलली तर असंच होतं), तर फरकात काहीच दिसत नाही.

म्हणून सिद्धांत की उपयोजन याचं माझं उत्तर: प्रमेय सिद्धांताचं असू द्या, पण एक डेटा असा धरा की ज्याचा शांत, म्हणजे बदल नसलेला, काळ तुम्हाला घरच्या घड्याळाइतका ओळखीचा होईल. पाच क्षेत्रांतले पाच डेटासेट शोभेपुरते जोडलेले प्रबंध भरपूर आहेत. त्यांतल्या एकाही डेटावर लेखकाला दोन प्रश्नांपलीकडे उत्तर देता येत नाही.

शुद्ध सिद्धांतात जागा उरली आहे का, असंही तुम्ही विचारलं आहे. बदलाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही वितरणं माहीत असतील तर प्रश्न सुटलेला आहे. शिर्यायेव्ह यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेजियन बाजू (बदल केव्हा होईल याच्या शक्यता आधीच धरून चालणारी) मांडली, लॉर्डन यांनी १९७१ मध्ये क्युसम अनंतस्पर्शी अर्थाने (खोटे इशारे फार विरळ ठेवले तर) इष्टतम असल्याचं दाखवलं आणि मुस्ताकिदेस यांनी १९८६ मध्ये तो नेमका इष्टतम असल्याचं सिद्ध केलं. उरलेली मोकळी जमीन सगळी ‘माहीत नसेल तर’च्या पलीकडे आहे: बदलाआधीचं वितरण अंदाजलेलं, निरीक्षणं परस्परावलंबी, हजारो प्रवाहांपैकी मोजक्यांतच बदल, बदल उडीऐवजी हळूहळू चढणारा. (या सगळ्याच्या मुळाशी असलेलं अनुक्रमिक परीक्षण (एकेक निरीक्षण घेत निर्णय करण्याची पद्धत) अब्राहम वॉल्ड यांचं. भारतात व्याख्यानांसाठी आले असताना डिसेंबर १९५० मध्ये निलगिरीत विमान कोसळून ते गेले.)

तयारीला संभाव्यताशास्त्रातली मार्टिंगेल, नूतनीकरण सिद्धांत आणि ब्राउनीय गती हवीच, एम.एस्सी.ला ही प्रकरणं घाईत उरकली असतील तर पहिले सहा महिने तिथेच घालवा. प्रवेशासाठी नेहमीचेच रस्ते: सीएसआयआर-नेटचा गणितीय विज्ञानांचा पेपर, गेटचा सांख्यिकीचा पेपर, भारतीय सांख्यिकी संस्थेची स्वतःची परीक्षा. मार्गदर्शक निवडताना त्यांचे गेल्या पाच वर्षांतले दोन लेख वाचा आणि सिम्युलेशनचा भाग स्वतः चालवून बघा. कोड मागितल्यावर मिळतो का, यावरूनही बरंच कळतं.

साहित्य शोधताना एक विचित्र अडचण येते. एकाच प्रश्नाला प्रत्येक गावात वेगळं नाव आहे: सांख्यिकीत चेंजपॉइंट, माहिती सिद्धांतात क्विकेस्ट डिटेक्शन, कारखान्यात प्रोसेस मॉनिटरिंग, अर्थमितीत स्ट्रक्चरल ब्रेक, नियंत्रण अभियांत्रिकीत फॉल्ट डिटेक्शन, जनुकशास्त्रात सेगमेंटेशन. सगळ्या नावांनी शोधलं नाही तर दोन वर्षं खपून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या गावात चाळीस वर्षांपूर्वीच छापलेला निघतो.

सिम्युलेशनमधल्या दोन चुका इतक्या सर्रास आहेत की सांगून ठेवतो. खोट्या इशाऱ्यापर्यंतच्या धावेचं (तोवर झालेल्या निरीक्षणांच्या संख्येचं) प्रमाण विचलन जवळपास तिच्या सरासरीइतकंच असतं. त्यामुळे सरासरीतली चूक १ टक्क्यावर आणायला १०,००० धावा लागतात. ५०० धावांवरून ‘आमची पद्धत ३ टक्क्यांनी सरस’ म्हणणाऱ्या तक्त्याला अर्थ नाही. दुसरी, संगणकाचा वेळ वाचवायला धाव १,००० निरीक्षणांवर तोडतात आणि तोडलेली धाव १,००० च धरून सरासरी काढतात. मग ४६५ च्या जागी ४११ येतं, उंबरठा गरजेपेक्षा वर ठेवला जातो आणि तुमचीच पद्धत विनाकारण मंद दिसते.

तुम्ही कोणता डेटा डोळ्यांसमोर ठेवला आहे आणि त्यात निरीक्षणं किती वेळाने येतात, ते लिहा. मग के आणि एच कुठून सुरू करावेत हे सांगता येईल.