रुईवरचे 'दोन' नाकतोडे: आधी पंखांच्या कळ्या बघा

तुमची पोस्ट वाचून हसू आलं. रागावू नका, हसू माझंच मला आलं. एकाच रुईच्या झुडपावर एक मोठा निळा-पिवळा नाकतोडा, आणि शेजारच्या फांदीवर हिरवट पिवळा, काळ्या बारीक नक्षीचा, लाल ठिपक्यांचा, 'आखूड पंखांचा' दुसरा. वर कार्यालयातून आलेली चिठ्ठी: 'अ‍ॅक्रिडिडी (हे नाकतोड्यांचं एक कुळ), दोन जाती'. आणि तुमचा प्रश्न, प्रकल्पाच्या अहवालात हेच लिहू का?

नका लिहू. चौदा वर्षांपूर्वी मी नेमकं हेच लिहिलं होतं.

मी वर्गीकरणतज्ज्ञ नाही, हौशी माणूस आहे, आणि फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यांचा मला स्वतःलाच राग येतो. तरी तुमच्या तिन्ही फोटोंवरून माझं मत असं की दोन्ही एकच: पोइकिलोसेरस पिक्टस. मोठा तो प्रौढ, 'आखूड पंखांचा' तो त्याचंच शेवटच्या टप्प्यातलं पिल्लू. आखूड मिशा, कान कुठे, मादीचा अंडी घालायचा अवयव कसा वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडून देतो.

मी काय केलं ते ऐका. पावसाळ्याच्या शेवटी माळावरच्या रुईवरून अकरा 'आखूड पंखवाले' गोळा केले. सगळे थेट अल्कोहोलमध्ये. लांबी मोजली, मागच्या पायांची मांडी मोजली, तक्ता केला. अकराही एकसारखे, सगळ्यांचे पंख पोटाच्या जेमतेम चौथ्या हिश्शापर्यंत. नाकतोड्यांत आखूड पंखांच्या जाती असतात हे नुकतंच वाचलेलं, आणि अर्धवट वाचन माणसाला फार धीट करतं. नमुने एका कार्यालयात नेऊन दिले (नाव घेत नाही, माणसं बदलली असतील). तीन प्रतींत अर्ज, मग 'साहेब दौऱ्यावर', मग पाच महिने काही नाही. शेवटी चिठ्ठी आली. तुमच्यासारखीच, दोन ओळींची, खाली गोल शिक्का. नमुन्यांची बाटली परत मिळाली तेव्हा झाकणाचं बूचसुद्धा उघडलेलं नव्हतं. मी गुंडाळलेला दोरा तसाच होता. न उघडलेल्या बाटलीतल्या किड्याचं कुळ कोणी सांगत असेल तर त्याला विचारायला हवं होतं, पण मला शिक्का दिसला आणि मी खूश झालो.

पुढे एका परिषदेत भिंतीवर पोस्टर लावलं. ठळक अक्षरांत 'रुईवरील दोन सहवासी जाती'. एक वयस्कर गृहस्थ आले, खिशातून भिंग काढलं, मी पुराव्यादाखल ठेवलेल्या एका नमुन्याकडे अर्धा मिनिट बघितलं आणि एवढंच विचारलं, "वरची कळी कुठल्या पंखाची आहे?" मला प्रश्नच कळला नाही. तेव्हा त्यांनी दाखवलं.

तेच तुम्हाला सांगतो, कारण बाकी सगळं पुस्तकांत सापडेल, हे शोधत बसावं लागतं. प्रौढ नाकतोड्यात, पंख लांब असोत की आखूड, पुढचा जाड पंख वर असतो आणि मागचा पातळ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेला. पिल्लात सुरुवातीला पंखांच्या कळ्या बाजूला खाली झुकलेल्या पाळ्यांसारख्या असतात. पण शेवटच्या दोन टप्प्यांत या कळ्या उलटतात. पाठीवर चढतात, टोकं वर-मागे वळतात, आणि मागच्या पंखाची कळी बाहेरच्या बाजूला येऊन पुढच्या पंखाच्या कळीला झाकते. म्हणजे बाहेरून दिसणारी ती तिकोनी, पंख्यासारख्या सरळ रेषा असलेली पाळी ही मागच्या पंखाची. शेवटची कात टाकली की सगळं पुन्हा जागेवर. आखूड पंखांच्या खऱ्या प्रौढात ही उलटापालट नसते. बस, एवढंच. दहापट भिंगातून अर्ध्या मिनिटाचं काम, आणि माझे दोन हंगाम गेले.

त्याहून सोपा उपाय म्हणजे एकही न मारणं. एक 'आखूड पंखवाला' जाळीच्या झाकणाच्या बरणीत ठेवा, रोज ताजी रुईची पानं घाला, एक उभी काडी ठेवा. त्या परिषदेनंतरच्या वर्षी मी हेच केलं. आठव्या दिवशी सकाळी तो काडीवर डोकं खाली करून लटकलेला. मानेमागे पाठ उकलली, आतून ओलं, फिकट काहीतरी ओघळत खाली आलं, आणि बघता बघता ती चुरगळलेली पाळी लांब होत गेली. मागचा पंख पहिल्यांदा उलगडला तेव्हा फिकट लालसर होता. निळा रंग मात्र लगेच दिसला नाही. संध्याकाळी बरणीत तुमच्या फोटोतला मोठा निळा-पिवळा बसलेला होता. काडीवर रिकामी कात, काळ्या नक्षीसकट. ती कात मी अजून जपून ठेवली आहे, पोस्टर जाळलं.

आता रंगांबद्दल. प्रौढाच्या अंगावर लिंबासारखे पिवळे आणि मोरपंखी निळे पट्टे, पुढचे पंख हिरवे त्यावर पिवळे ठिपके, मागचे फिकट लाल. मिशांवर गडद आणि पिवळ्या कड्या. मादी माझ्या फूटपट्टीवर साधारण साडेपाच सेंटिमीटर भरते, नर लहान. हे सगळं जिवंतपणी. अल्कोहोलमध्ये महिन्याभरात पिवळा तपकिरी होतो, निळा काळवंडतो, आणि रंगावर आधारलेलं तुमचं वर्णन म्हणजे आठवणीतलं लग्नाचं जेवण. म्हणून रंग जिवंतपणी फोटोत घ्या आणि ओळख रचनेवर ठरवा.

रचनेत पहिली गोष्ट कुळ, आणि इथे ती चिठ्ठी चुकली आहे. हा अ‍ॅक्रिडिडी नाही, पिर्गोमॉर्फिडी आहे. डोक्याचं पुढचं टोक वरून बघा, डोळ्यांच्या पुढे. मधोमध एक बारीक खाच दिसेल, जणू टोकाला नखाने चीर दिली आहे. ती खाच पिर्गोमॉर्फिडीत असते, अ‍ॅक्रिडिडीत नसते. (ग्रीकमध्ये 'पिर्गोस' म्हणजे बुरूज. निमुळत्या डोक्यावरून नाव पडलं. आपल्या बागेतला पाचूसारखा हिरवा, टोकदार डोक्याचा अ‍ॅट्रॅक्टोमॉर्फा याच कुळातला, त्याच्यात डोकं जास्त चांगलं समजतं.) चिठ्ठी लिहिणाऱ्याची बाजू घ्यायची तर एवढंच म्हणता येईल की कीटकशास्त्रज्ञ कर्बीच्या 1914 च्या ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसृष्टीवरच्या खंडात हे सगळे अ‍ॅक्रिडिडीतच, उपकुळ म्हणून येतात. अजूनही कित्येक कपाटांवरच्या चिठ्ठ्या त्याच आहेत. पण आपण 1914 मध्ये राहत नाही.

नावाबद्दल थोडं, कारण अहवालात परीक्षक नेमकं इथे बोट ठेवतात. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने 1775 मध्ये याचं वर्णन केलं ते 'ग्रिलस पिक्टस' म्हणून. त्या काळी ग्रिलस हे मोठं पोतं होतं, त्यात काहीही टाकत. आज ग्रिलस हे नाव रातकिड्यांकडे राहिलं आहे. 1831 मध्ये फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ सर्व्हिलने पोइकिलोसेरस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली, आणि पिक्टस तिच्यात गेला. पिक्टस म्हणजे रंगवलेला. पोइकिलोसेरसचा अर्थ रंगीबेरंगी शिंगाचा, म्हणजे मिशांचा. त्या कड्या आठवा. जात मूळ प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत हलवली गेली म्हणून पहिलं वर्णन करणाऱ्याचं नाव कंसात येतं: पोइकिलोसेरस पिक्टस (फॅब्रिशियस, 1775). कंस काढला तर अर्थ बदलतो, शोभेचा नाही तो. आणि जुन्या कागदांत शोधताना 'के'च्या जागी 'सी' असलेलं स्पेलिंगही टाकून बघा, नाहीतर निम्मं साहित्य सापडणारच नाही. याच प्रजातीचा पोइकिलोसेरस ब्युफोनियस पश्चिम आशियाकडचा, तो आपल्याकडच्या यादीत घुसवू नका. मी एका अहवालात तेही पाहिलं आहे.

सह्याद्रीच्या बाजूचे असाल तर आणखी एकाशी गल्लत होते: ऑलार्किस मिलियारिस, कॉफीवरचा ठिपक्यांचा नाकतोडा. तोही पिर्गोमॉर्फिडी, तोही भडक, डिवचलं की फेस काढतो. पण त्याच्या मानेमागच्या ढालीवर मोठाले खडबडीत उंचवटे असतात. एकदा पाहिला की पुन्हा चुकणार नाही.

फेसावरून आठवलं. तुमच्या तिसऱ्या फोटोत पिल्लू दोन बोटांत धरलंय आणि कॅमेरा अगदी जवळ. चष्मा लावा. या पिल्लांना चिमटीत धरलं की पोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडामध्ये, पाठीकडून, द्रवाची पिचकारी सुटते, काही इंच सहज जाते, आणि ती नेम धरल्यासारखी बोटांच्या दिशेने येते. प्रौढाला पिचकारी जमत नाही, त्याचा द्रव पंखाखाली येऊन बाजूला चिकट गोळा होतो. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारी विषं असतात, तेव्हा डोळ्यांशी खेळ नको. हात धुतल्याशिवाय डोळेही चोळू नका. मी चोळले होते. असो.

दुसऱ्या एका सदस्याने तुम्हाला 'हे टोळ आहेत, तालुक्याला कळवा' असं लिहिलंय. मे 2020 मध्ये वाळवंटी टोळ खरेच विदर्भापर्यंत आले, तेव्हापासून प्रत्येक रंगीत नाकतोड्याला टोळधाड म्हणायची सवय लागली. त्याच दिवसांत तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यात रुईवरच्या थव्याने अशीच घबराट झाली, आणि ते निघाले हेच आपले पिक्टस. रुईवर गर्दीने बसणं ही यांची नेहमीची रीत. फवारणी करायचा विचारही नको. रुई खाऊन कुणाचं नुकसान होतंय?

नमुने ठेवायचेच असतील तर एक नर, एक मादी पुरे, आणि अभयारण्यात परवानगीशिवाय काही उचलू नका. मोठ्या नाकतोड्याचं पोट साफ न करता सुकवलं तर आतला चारा कुजून सगळा काळा पडतो. खालून छोटी चीर देऊन आतडी काढा, थोडा कापूस भरा. टाचणी ढालीच्या मागच्या भागात, मध्यरेषेच्या उजवीकडून. डावे पंख उघडून ठेवा, म्हणजे मागच्या पंखाचा रंग दिसतो. उजवीकडचे मिटलेलेच राहू द्या. बाटलीत ठेवलात तर चिठ्ठी आत, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, माझ्या दोन बाटल्यांत निळं पाणी तेवढं उरलं. चिठ्ठीवर जागा, तारीख, कोणत्या झाडावर आणि गोळा करणाराचं नाव. झाड विसरू नका, या प्राण्याच्या बाबतीत ते अर्धी ओळख आहे.

पक्की जात ठरवायची खरी रीत म्हणजे नराचे आतले जननावयव. कीटकशास्त्रज्ञ केव्हन आणि सहकाऱ्यांनी पिर्गोमॉर्फिडीच्या त्या रचनांवर मोठं काम करून ठेवलंय. पण आपल्याकडच्या रुईवरच्या निळ्या-पिवळ्यासाठी महाविद्यालयीन प्रकल्पात एवढ्या खोलात जायची गरज मला वाटत नाही. तुमचे मार्गदर्शक वेगळं म्हणाले तर त्यांचं ऐका, गुण त्यांच्या हातात आहेत.

त्या चिठ्ठीचं काय करायचं? अहवालाच्या परिशिष्टात लावा, शिक्क्यासकट, पण निष्कर्षात वापरू नका. आणि कार्यालयात पुन्हा गेलात तर बाटली उघडली होती का, हे एकदा सौम्यपणे विचाराच. मी चौदा वर्षं तो प्रश्न मनात घोळवतोय.

अहवाल लिहायला बसण्याआधी 'आखूड पंखवाल्या'चा एक फोटो अगदी बाजूने, कळीच्या उंचीवर कॅमेरा धरून काढा, शेजारी फूटपट्टी ठेवा, आणि इथेच टाका. वरची पाळी पंख्यासारखी रेषांची असेल तर बरणी तयार ठेवा.