सेफ्टी ऑफिसर आले, म्हणजे बाकीचे मोकळे?

प्रश्न : मी पॅकिंग विभागात शिफ्ट सुपरवायझर आहे. कंपनीने नुकतेच सेफ्टी ऑफिसर नेमले. तेव्हापासून मशीनचं गार्ड (फिरत्या भागांवरचं संरक्षक झाकण) निघालेलं असो की वाटेत तेल सांडलेलं, सगळे म्हणतात, "त्यांना सांगा." ते प्रॉडक्शन मॅनेजरच्या हाताखाली, आणि फक्त दिवसपाळीला असतात. जबाबदाऱ्या कशा वाटाव्यात?

उत्तर : माल वेळेत काढायची सक्ती ज्या साहेबांवर आहे, त्यांच्याच हाताखालचा माणूस मशीन बंद करायला सांगणार कसा? सेफ्टी ऑफिसरनी थेट कारखानाप्रमुखांना रिपोर्ट करावं, ही पहिली दुरुस्ती.

दुसरी तुमच्याकडची आहे, जरा कडू लागेल. ते तपासतील, शिकवतील, सल्ला देतील. पण गार्ड बसेपर्यंत मशीन बंद ठेवणं आणि तेल पुसून घेणं हे पाळी ज्याच्या ताब्यात त्याचं काम. आयएसओ ४५००१ हे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचं २०१८ चं आंतरराष्ट्रीय मानकही तेच धरून चालतं : ज्याच्या हातात जे काम, त्याच्याकडे त्यातली सुरक्षा, आणि कामं वाटली तरी अंतिम उत्तरदायित्व सर्वोच्च व्यवस्थापनाचंच.

वाटणी करताना 'सुरक्षेची काळजी घेणे' असली वाक्यं लिहू नका, त्यातून कुणीही निसटतं. निर्णय लिहा. वेल्डिंगचं परमिट, म्हणजे काम सुरू करायची लेखी परवानगी, कोण देणार? देणारा आणि वेल्डिंग करणारा एकच नको. काम संपल्यावरही ठिणगी धुमसत राहते. तासभर तिथे कोण थांबणार, त्याचं नाव परमिटवरच हवं. मशीन उघडायचं तर वीज तोडून प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली त्याच्याच खिशात. कंत्राटी कामगारांनाही हेच. 'तो ठेकेदाराचा माणूस' म्हणून सोडायचं नाही.

काम थांबवायचा अधिकार मात्र सर्वांना द्या, तोही लेखी. गंभीर धोका समोर दिसल्याने कामावरून बाजूला झालेल्या कामगाराला त्याचा त्रास होऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९८१ चा १५५ क्रमांकाचा करार सांगतो.

समिती हवी तर नेमा. चहा होतोच, इतिवृत्तात प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख तेवढी येऊ द्या.

सुरुवात रात्रपाळीपासून करा. प्रथमोपचार, आग विझवणं, बाहेर आलेल्यांची मोजणी : प्रत्येकासाठी त्या पाळीतलाच एक माणूस आणि तो रजेवर असेल तेव्हाचा बदली. कागद कारखानाप्रमुखांच्या सहीने लावा, तुमच्या नको.